विमानांच्या पटात आमची जोडी

विलायतेत जाऊन विमानाला हात लावून आलेला देऊळघाटचा पहिला माणूस मी! पहिला आणि आजतागायत शेवटचा. हे मी नम्रपणे सांगतो आहे, कारण मोठ्यानं सांगायचं काम आमची बायको वच्छला दोन वर्षं करते आहे. विहिरीवर करते, बाजारात करते, आणि परक्या गावची बाई भेटली तर मुद्दाम थांबून करते.

तर झालं असं. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. बुलढाण्याच्या प्रदर्शनात माझ्या वांग्यांना पहिला नंबर मिळाला. वांगी होतीच तशी! जांभळी, तुकतुकीत, पहाटेचं दव अंगावर घेऊन बसलेली. मोठ्या साहेबांनी एक वांगं हातात घेतलं आणि बोलता बोलता खिशात टाकलं! त्याच वांग्यांनी मला सरकारच्या एका योजनेत नेऊन बसवलं. आपल्याकडचे चौदा शेतकरी बोटीनं विलायतेत जाणार, तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी तीन आठवडे राहणार, आणि पुढच्या साली तिकडचे इकडे येणार.

"म्हंजे गोरा मानूस आपल्या घरी राहीन?" वच्छलानं घाबरून विचारलं. "त्याले ठेचा चालते काय?"

"त्याचं पुढच्या साली पाहू वं! आधी मले तं जाऊ दे."

काही दिवसांनी पोस्टानं कार्यक्रमाचा कागद आला. तो इंग्रजीत होता. इंग्रजीच्या बाबतीत माझं आमच्या बैलांसारखं आहे. बैलांना जितकं मराठी कळतं तितकं मला इंग्रजी कळतं. बोलता मात्र येत नाही. म्हणून कागद घेऊन मी उत्तमराव मास्तरांकडे गेलो. मास्तर बुलढाण्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून गावी परतले होते. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत कोणत्याच भाषेत उच्चारलं नव्हतं.

मास्तरांनी पारावर बसून कागद वाचला. सोमवारी गाईंचे गोठे, मंगळवारी बटाटे, बुधवारी पुन्हा बटाटे. शनिवार मोकळा! आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, शनिवारी पाहुण्यांनी दोनपैकी एक विमानांची जत्रा बघावी. कोणती ते महिनाअखेर कळवावं. पहिली जत्रा मोठ्या शहराजवळची. शंभर विमानं, आवाजाच्याही पुढे पळणारी, लाखो माणसं. दुसरी एका खेड्याच्या कुरणातली. अकरा जुनी विमानं, आणि संध्याकाळी चहा.

"याच्यात निवडाचं काय?" मी पारावर उभा राहिलो. "मी मोठ्या जत्रेले जाईन! आन नुसतं पाहून नाई येनार. विमानाले हात लावून येईन!"

हे वाक्य मी त्या दिवशी गिळून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण पारावर नेमके आमचे साडू उकंडराव बसले होते.

उकंडराव साखरखेर्ड्याचे. आमच्याकडे सुगी सरली की शंकरपट भरतो. हलक्या छकडीला बैलांची जोडी जुंपायची, दोरीनं आखलेल्या वाटेवरून सुसाट सोडायची, आणि घड्याळ लावून कोण पहिला ते ठरवायचं. उकंडरावांची जोडी दर पटात पहिली. आणि आमचे पाखऱ्या-मोत्या दर पटात शेवटचे! त्यांचाही दोष नाही. बिचारे वर्षभर बुलढाण्याच्या बाजारात वांगी नेतात. दगड आला की हळू, उतार आला की हळू. एक वांगं चेपू देत नाहीत. पटात सोडलं तरी त्यांना वाटतं, मागे वांगीच आहेत.

"हात लावसान?" उकंडरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "साडूभाऊ, तुमच्या जोडीले साधी दोरी पार कराले अर्धा दिवस लागते, आन तुमी विमान धरता?"

पार हसला. मीही हसलो, पण आतून नाही.

"लावीन म्हंजे लावीन!"

"मंग आयका सारे. यायनं हात लावला, तं आमच्या साखरखेर्ड्याच्या पटात मानाची पहिली जोडी पाखऱ्या-मोत्याची. आन नाई लावला, तं या जोडीनं कोन्याच पटात पाय ठेवाचा नाई. लोकं मले इचारतात, हे तुमच्याच साडूची काय म्हून. मान खाली जाते माही!"

"कबूल!" मी म्हणालो. गोठ्याकडून तेवढ्यात मोत्या हंबरला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

घरी आलो तर माय जात्यावर बसली होती. आमच्या रुखमामायला गावातल्या बातम्या सांगणाऱ्याच्या पायांआधी कळतात. तिनं जातं थांबवलं नाही, नुसती माझं नाव घालून ओवी बदलली.

*पाखऱ्या माझा गुणी, मोत्या माझा सावकाश,*
*पुंज्या बोलून आला, त्याचा बैलायले फास.*

"माय, तू तरी असं नको म्हनू!"

"मंग कसं म्हनू? पटाचा दिवस आला का ते दोघं कसे कान टवकारतात, पाह्यलं नाई तू? हारतात, पन जातात हौसेनं. त्यायची हौस तू पैजेवर लावून आला!"

खरं होतं. पटाच्या सकाळी शिंगांना हिंगूळ लावला की ते दोघे नवरदेवासारखे मान ताठ करून उभे राहत. शेवटचा नंबर आला की तितक्याच ताठ मानेनं परत येत. हरलो हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

माझी झोप उडाली. विमानाला हात लावायचा कसा? मास्तरांनी त्यांच्याकडच्या जुन्या इंग्रजी मासिकात मोठ्या जत्रेचा फोटो शोधून काढला. विमानं लांब, मध्ये जाड दोर, दोराच्या अलीकडे मुंग्यांसारखी माणसं.

"इथून हात पुरनार नाई," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

माय सुपात ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, "काऊन रे पुंज्या, आपल्या पटात दोरीच्या आत कोन जाते?"

"ज्याच्या जोडीचं नाव वहीत लिवलं, तो."

"आन त्याची जोडी त्या दिवशी पळाली नाई तं?"

"तरी जाते. नाव हाय ना वहीत! बाकी सारे बघे. ते दोरीच्या बाहेर."

"मंग तिकडच्या वहीत नाव लिव ना जोडीचं! डोकं काय नुसतं टोपी ठेवाले देल्लं काय देवानं?"

मी मायच्या पाया पडलो! किती सोपं! जत्रा तिकडची असो की इकडची, वही असणार, दोरी असणार, आणि मालकाला दोरीच्या आत मान असणार. त्याच दुपारी मास्तरांनी दोन निळी हवाईपत्रं घेतली आणि दोन्ही जत्रांच्या चिटणीसांना एकच मजकूर लिहिला. पटाच्या वहीत लिहितात तसा, रीतसर:

'मालक पुंजाजी, राहणार देऊळघाट, तालुका बुलढाणा. जोडीचं नाव पाखऱ्या व मोत्या. पाखऱ्या पांढरा, मोत्या तांबडा. वय दोघांचं सहा वर्षं. चालवणारा मालक स्वतः. गेल्या सालचा नंबर शेवटचा. आपल्या वहीत नाव नोंदवून मालकास दोरीच्या आत जागा द्यावी.'

आता तुम्ही म्हणाल, यात 'बैल' कुठे आहेत? पण पटात 'बैलांची जोडी' असं कोणी म्हणतं का हो? जोडी म्हणजे जोडी! कोंबड्यांची कोण नोंदवणार? आणि 'जोडी दूर असल्याने येऊ शकणार नाही' हे शेवटचं वाक्य मी सांगितलं होतं. पण मास्तरांचं अक्षर टपोरं. हवाईपत्राची जागा संपली! "हे समजून घेतीन ते," मास्तर म्हणाले. "इंग्रज हुशार असतात."

तीन आठवड्यांनी मोठ्या जत्रेचं उत्तर आलं. एक छापील कार्ड. फाटक नऊ वाजता उघडेल, तिकीट फाटकावर मिळेल, कुत्री आणू नयेत.

"तिकीट?" उकंडराव पुन्हा आलेच होते. आमच्या टपालाचा वास त्यांना साखरखेर्ड्यापर्यंत जातो. "म्हंजे बघेच तुमी! झालं, साडूभाऊ, जोडीले सांगून द्या."

संध्याकाळी पाखऱ्याच्या गळ्याखाली खाजवत बसलो. तो डोळे मिटून उभा. जगात आपल्यावर पैज लागली आहे हे ज्याला माहीत नाही, त्याच्यासारखा सुखी जीव नाही.

आणि चार दिवसांनी दुसरं पाकीट आलं! जाडजूड! आत हातानं लिहिलेली चिठ्ठी आणि एक लांबलचक फॉर्म. चिठ्ठी खेड्यातल्या जत्रेच्या चिटणीसबाईंची, मिस विल्मॉट यांची. मास्तर उभे राहून वाचू लागले.

'प्रिय श्री. पुंजाजी, आपलं पत्र वाचून आमच्या मंडळाला अतिशय आनंद झाला. भारतातून प्रवेश येण्याची ही पहिलीच वेळ! पाखऱ्या व मोत्या यांना आम्ही क्रमांक बारा दिला आहे. गेल्या वर्षी आपण शेवटचे होतात हे आपण मोकळेपणी लिहिलंत, ते आम्हाला फार आवडलं. आमचेही बहुतेक सभासद शेवटचेच येतात. सोबतचा फॉर्म भरून पाठवावा.'

"नंबर!" मी ओरडलो. "बारा नंबर!"

"वहीत नाव चढलं," माय शांतपणे म्हणाली आणि ज्वारी पाखडायला लागली.

मोठी जत्रा तिथल्या तिथे रद्द! जिथं नंबर नाही तिथं मान नाही. शंभर विमानं बघून करायचं काय? मी खेड्यातली जत्रा निवडली आणि योजनेच्या लोकांना तसं कळवून टाकलं.

राहिला फॉर्म. तो विमानांसाठी छापलेला होता हे आम्हाला दिसत होतं. "त्यायच्याकडं छापलेला तोच असन," मास्तर म्हणाले. "जे लागू तिथं खरं लिहू, जे लागू नाही तिथं 'नाही' लिहू." सारा पार जमला. मास्तर प्रश्न वाचत, मी उत्तर देत होतो, आणि चुकलं की दहाजण दुरुस्त करत होते.

"पंखांची लांबी?"

"पंख नाहीत."

"इंधन?"

"सरकी आन कडबा."

"वंगणाचं तेल?"

"जवसाचं. पटाआधी पावशेर, नळीनं."

"सुटण्यासाठी किती अंतर लागतं?"

"त्यायच्या मनावर हाय!" मागून कोणीतरी बोललं.

"गप बे! लिवा मास्तर, कासरा सोडला का सुटतात."

"दिशा कशी बदलता?"

"शेपटी पिरगाळून."

"थांबवण्याची व्यवस्था?"

"नाई. आपापले थांबतात. बहुतेक आधीच."

"वजन?"

इथं सगळे अडले. मग उत्तर निघालं, 'वैरण खाण्याआधी की नंतर?'

फॉर्म गेला. आणि तिथून जे सुरू झालं त्याला माझा इलाज नव्हता. 'पाखऱ्या-मोत्याले विलायतेच्या पटात नंबर लागला' ही बातमी आठवड्यात जळगाव जामोदपर्यंत पोचली! माणसं बैल बघायला येऊ लागली. कोणी नारळ ठेवी, कोणी गुळाचा खडा. पाखऱ्या नारळाकडे दुर्लक्ष करी; मोत्या गुळासाठी पाहुण्यांच्या खिशात तोंड घाली. दोघं इतके सुटले की गोठ्याचं दार रुंद करावं लागलं. मास्तरांनी त्यांना 'स्टॉप' शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशीच यश आलं, कारण ते आधीच थांबलेले होते.

मी प्रत्येकाला सांगत होतो, "अरे बाबा, जोडी जात नाई! फक्त नाव जाते!" पण ऐकतो कोण? उलट लोक डोळा मारत, "समजलं! गुपित हाय वाट्टे!"

शेवटी उकंडराव आपली जोडी घेऊन हजर झाले. तीस मैल चालवत आणलेली! बैलांच्या अंगावर झुली, उकंडरावांच्या अंगावर घाम.

"साडूभाऊ, जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय. बोटीनं पाठवाची तं ही जोडी पाठवा! नाव तेच सांगा. गोऱ्यायले काय समजते?"

"त्यायनं रंग लिवून घेतला, भाऊ. एक पांढरा, एक तांबडा. तुमचे दोनी काळे."

उकंडरावांनी आपल्या बैलांकडे पाहिलं. "चुना लावता येईन एकाले."

त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पण मनाला एक गोष्ट टोचली. जोडी जाणार नाही, तर निदान जोडीचं तोंड तरी जावं. म्हणून मी दोघांना बुलढाण्याला फोटोवाल्याकडे नेलं. फोटोवाला म्हणाला, स्टुडिओत बैल चालणार नाहीत. मोत्यानं ते ऐकायच्या आत डोकं आत घातलं होतं आणि पडद्यावर रंगवलेला बगीचा चाटून बघत होता! अखेर फोटो रस्त्यावर निघाला. पाखऱ्या समोर बघतोय, मोत्याच्या तोंडात फोटोवाल्याचं काळं फडकं. तो फोटो कोटाच्या आतल्या खिशात ठेवून मी विलायतेला गेलो.

गाई, बटाटे आणि पुन्हा बटाटे यांबद्दल मी इथं लिहीत नाही. माझे यजमान हॉब्स नावाचे शेतकरी. माणूस भला, ते हळू बोलत, मी हळू मान हलवी, आमचं छान जमलं. शनिवारी त्यांनी मला गाडीत घालून त्या खेड्यात नेलं. हिरवंगार कुरण, कडेला पांढऱ्या फुलांची झुडपं, आभाळ धुतलेल्या धोतरासारखं. आणि एका रांगेत उभी अकरा विमानं! लाकडाची, कापडाची, तारांनी बांधलेली. कुठं ठिगळ, कुठं गाठ. मला एकदम आपली वाटली ती. आमच्या छकड्याही अशाच बांधलेल्या असतात.

समोर दोरी. दोरीबाहेर शे-दोनशे माणसं. मी फाटकावर नाव सांगितलं. फाटकावरच्या म्हाताऱ्यानं वही उघडली, बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि दोरी उचलली!

माय, मी दोरीच्या आत होतो!

पण आत जाऊन बघतो तर काय! अकराव्या विमानाच्या पलीकडे गवतावर चुन्यानं एक मोठा चौकोन आखलेला होता. त्यात पाटी: 'क्रमांक बारा. पाखऱ्या व मोत्या. देऊळघाट, भारत.' चौकोन रिकामा. आणि सगळ्यांत जास्त गर्दी त्या रिकाम्या चौकोनाभोवती! लोक पाटी वाचत, आभाळाकडे बघत, पुन्हा पाटी वाचत.

उंच, काठीसारख्या सरळ मिस विल्मॉट धावत आल्या. माझे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "आलात! पण यंत्र कुठं आहे? आम्ही रात्रंदिवस तर्क करतोय! पंख नाहीत, जवसाचं तेल, शेपटीनं वळतं! कॅप्टन म्हणतात, हेलिकॉप्टरच्या जातीचं काहीतरी असणार!"

त्यांच्या मागे एक म्हातारा कॅप्टन कानापर्यंत चामडी टोपी घालून उभा होता. त्यानं हळूच विचारलं, "सरकी... भट्टीत जाळता, की तेल काढून वापरता?"

मला इंग्रजी कळलं, हा घात झाला! कळलं नसतं तर बरं झालं असतं. तीन महिन्यांचा सगळा हिशेब क्षणात डोक्यात उजेडासारखा पडला. यांना वाटलं, पाखऱ्या-मोत्या विमानं आहेत! आता मला दोरीबाहेर काढणार. आणि मी अजून एकाही विमानाला हात लावला नव्हता! सगळ्यांत जवळचं विमान दहा पावलांवर होतं. मनात आलं, धावत जावं, हात लावावा आणि मग काय व्हायचं ते होवो. पण पाहुणा म्हणून गेल्यावर असं करत नाहीत. मी खिशातून फोटो काढला आणि मान खाली घालून मिस विल्मॉटच्या हातात दिला.

त्यांनी फोटो पाहिला. पिशवीतून आमचा फॉर्म काढला. फॉर्म पाहिला, फोटो पाहिला. ओठ हलत होते: "शेपटी पिरगाळून... आपापले थांबतात..." मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं, बाई रडतात. बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, काठी वाकेपर्यंत! कॅप्टननं फोटो घेतला, आणि तो गवतावरच बसला.

मिस विल्मॉट तडक कर्ण्यापाशी गेल्या आणि त्यांनी आमचा अख्खा फॉर्म जत्रेला वाचून दाखवला. 'वजन: वैरणीआधी की नंतर?' इथं आल्यावर कुरण नुसतं गडगडलं. हॉब्स माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी मात्र त्या रिकाम्या चौकोनात उभा. एका पावलाइतकीही सावली नव्हती लपायला.

मग कॅप्टन उठला. त्यानं हात वर केल्यावर लोक गप्प झाले. तो म्हणाला, "मंडळी, वही ती वही! क्रमांक बारा वहीत आहे, त्यामुळे क्रमांक बारा उडणारच. यंत्र नसेल तर माझं वापरू!"

अहाहा! वहीची किंमत विलायतेतही तीच! कॅप्टननं माझा हात धरला आणि मला सात नंबरच्या विमानापाशी नेलं. दोन जणांचं, वर उघडं, बसायला आमच्या दमणी गाडीपेक्षा थोडं लहान. त्याच्या कुशीवर मी हात ठेवला. कापड ताणलेलं, उन्हानं कोमट. वासराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं वाटलं. हात हलेना!

"चढा, चढा!" कॅप्टन ओरडला.

कॅप्टननं मला पुढच्या जागेवर बसवून पाखऱ्या-मोत्याचा फोटो माझ्या पुढ्यातल्या काचेला दोरीनं बांधला आणि तो मागे बसला. यंत्र फटफटलं, गवत मागे पळायला लागलं, आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "हो हो हो हाऽऽऽ!" दोन्ही हात शेपटी शोधत पुढे गेले. शेपटी मागे होती! आणि जमीन सुटली. कुरण रुमालाएवढं झालं, माणसं ज्वारीच्या दाण्यांएवढी, आणि वाऱ्यात फडफडत पाखऱ्या आणि मोत्या पुढे! सगळ्यांच्या पुढे! जन्मात पहिल्यांदा त्यांच्या पुढे कोणी नव्हतं.

एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती. ही जुनी यंत्रं वंगण म्हणून एरंडेल तेल पितात, आणि अर्धं तेल यंत्रामागे बसणाऱ्याच्या तोंडावर उडवतात! मी तोंड उघडं ठेवून "हाऽऽऽ" करत होतो. उतरल्यावर तासाभरातच परिणाम सुरू झाला. संध्याकाळी बक्षिसं वाटली तेव्हा 'सर्वांत लांबून आलेला प्रवेश' म्हणून बारा नंबरचं नाव पुकारलं गेलं. मी टाळ्या ऐकल्या, पण पत्र्याच्या दाराआडून. बक्षिसाचा कागद हॉब्सनी घेतला.

गावी परतलो तो पार भरलेलाच होता. उकंडराव पुढे. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कोटाचा वास घेतला आणि ती दचकली.

"पुंज्या, याले तं एरंडेलाचा वास येते!"

"माय, विमान एरंडेलावरच चालते!"

"आपल्या बांधावर एवढी एरंडी असून तू कायले इतक्या दूर गेला?"

उकंडरावांनी टाळी वाजवली. "आयका! मानूस पोट साफ कराले गेल्ता! एरंडेल तं साऱ्यायच्याच घरी असते, साडूभाऊ. विमानाचा पुरावा काय?"

मी कागद पुढे केला. कागदासोबत हॉब्सनी काढलेला फोटो होता: विमान, विमानात मी तेलानं न्हालेला, आणि काचेवर पाखऱ्या-मोत्या. फोटो हातोहात फिरला. उकंडरावांनी तो उजेडात धरला, उलटा केला, नखानं खरवडून पाहिला. मग मिशीवरून बोट खाली आलं.

"लावला हात," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द. मानाची पहिली जोडी पाखऱ्या-मोत्याची!"

पार नाचला! माय रात्री जात्यावर बसली आणि तिनं नवी ओवी जोडली:

*आभाळाच्या पटामंदी कोण गेलं बाई पुढे?*
*माझ्या गं पाखऱ्याचा खूर ढगाला भिडे.*

साखरखेर्ड्याच्या पटाला त्या साली चार तालुक्यांची माणसं लोटली होती. कर्ण्यावर घोषणा झाली, "विलायतेची जोडीऽऽ!" आणि मी पाखऱ्या-मोत्याला पहिल्या मानाला सोडलं. ते निघाले. दगड चुकवत, उतार सांभाळत, एक वांगं न चेपता निघाले! पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. माणसं उठून उभी राहिली, टोप्या उडाल्या. दुसऱ्या जोड्या डोळ्यासमोरून भुर्र जातात. आमची जोडी प्रत्येकाला पोटभर बघता आली. दोरी पार करून दोघं नेहमीच्याच ताठ मानेनं थांबले. आपण जिंकलो यात त्यांना नवल वाटलं नाही.

मग उकंडराव मानाचा फेटा घेऊन आले. गुलाबी, बारा हात, तांदळाच्या कांजीनं कडक केलेला. मी टोपी काढून मान पुढे केली. दहा हजार माणसं बघत होती! उकंडरावांनी बक्षिसाचा कागद मागवला, मास्तरांकडून कर्ण्यावर वाचून घेतला, आणि गोड आवाजात विचारलं, "मास्तर, याच्यात साडूभाऊंचं नाव कुठं हाय?"

मास्तरांनी कागद दोनदा बघितला. "नाव... फक्त पाखऱ्या व मोत्या."

"मंग फेटा ज्याचा त्याले!" असं म्हणून त्यांनी बारा हात फेटा पाखऱ्याच्या शिंगांना गुंडाळला. जत्रेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दुसरं काय करणार? मान पुढे काढलेली होती, ती मी 'काही पडलं का बघतो' असं दाखवत हळूच मागे घेतली.

पाखऱ्या शांत उभा राहिला. पण मोत्याला तांदळाची कांजी फार आवडते. आम्ही फोटो काढायला वळेपर्यंत त्यानं साडेदहा हात खाल्ला होता!

उरला दीड हात. वच्छलानं त्याची डोक्यावर टोपली ठेवायला चुंबळ केली. ती रोज सकाळी ही चुंबळ डोक्यावर ठेवते, वर वांग्यांची टोपली ठेवते आणि ताठ मानेनं मळ्यातून येते. म्हणजे तसं पाहिलं तर मानाचा फेटा आमच्या घरात रोज डोक्यावर चढतो. फक्त ते डोकं माझं नाही, एवढंच!